शहाण्णवाव्या पानापुढे

१

दुपारी दोनला चुलीपुढचं आवरून, हात पदराला पुसत कमलबाई बाहेरच्या खोलीत यायच्या आणि खाटेवर बसलेले अभिमन नाना म्हणायचे, “हं. पुढे?”

पारोळ्यात किल्ल्याच्या खंदकाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं धाब्याचं घर होतं. नाना हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण भरती-ओहोटी शिकवताना पोरं बाकावर पाय वर घेऊन बसायची, असं गावात अजून सांगतात. निवृत्तीच्या सालीच, म्हणजे चौऱ्याऐंशीत, काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. एकुलता मुलगा रूपचंद जळगावला नोकरीत. घरात ही दोघंच.

आणि ते पुस्तक. दोंडाईच्याच्या रतनलालशेठनी कापसाच्या जुन्या जिनिंगमधली अडगळ काढली, तेव्हा कुणा गोऱ्या मॅनेजरची पेटी निघाली. त्यातलं जाडजूड, कातडी पुठ्ठ्याचं पुस्तक शेठनी नानांना पाठवून दिलं. “मास्तर, दर्याचं काही आहे. तुम्हीच ठेवा.” दोनशे वर्षांमागे इंग्लंडच्या राजाच्या आरमारातलं एक जहाज दक्षिणेकडच्या दूरच्या बेटांवर गेलं होतं, त्यावरच्या सर्जननं लिहिलेली ती हकिगत होती. नानांनी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तर आलं की असं पुस्तक आमच्या कुठल्याच यादीत नाही, जपून ठेवा. प्रस्तावना मागे ठेवून भिंगानं पहिली दहा पानं वाचून होतात न होतात तोच डोळ्यांपुढचं उरलंसुरलं धुकंही काळं झालं.

कमलबाई मराठी चौथी शिकलेल्या. इंग्रजी त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. पण शहाऐंशीच्या दिवाळीनंतर नानांनी त्यांना ए, बी, सी, डी ओळखायला शिकवलं. मग त्या पानावर नख टेकवून एकेक अक्षर उच्चारायच्या, नाना त्यांचा शब्द जुळवायचे, शब्दांचं वाक्य, वाक्याचं मराठी, आणि ते मराठी कमलबाई वहीत उतरवून घ्यायच्या. सुरुवातीला दिवसाला चार ओळी व्हायच्या. संक्रांतीपर्यंत हात बसला आणि अर्धं पान होऊ लागलं.

“प्रस्तावना शेवटी करू,” नाना म्हणाले होते. “आधी जहाज पाण्यात जाऊ दे.”

जहाजाचं नाव त्यांनी मराठीत ‘धीर’ ठेवलं.

२

त्या घरात पंचेचाळीस वर्षांच्या संसारात झालं नव्हतं एवढं बोलणं त्या एका वर्षात झालं. आगपेटीच्या कारखान्याचं चित्र असलेल्या कॅलेंडराखाली बसून कमलबाई शिंपल्यांची, उडत्या माशांची, खारवलेल्या मांसाची अक्षरं लावायच्या आणि अर्थ कळला की तोंडाला पदर लावायच्या.

“इतला दिन पानीमा? आनि पेवाले पानीच नही?” त्या म्हणायच्या. “हाई काय भोग शेत त्या माणूसना!”

सर्जन त्यांना आवडला होता. कप्तान खडूस होता, खलाशी दारुडे होते, पण सर्जन आजारी पोरांजवळ बसायचा आणि घरच्यांना न धाडलेली पत्रं लिहायचा.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात ‘धीर’ एका लहानशा बेटाजवळ नांगर टाकून उभं राहिलं. पाण्याची पिंपं भरायला सर्जन आणि सहा खलाशी होडीनं किनाऱ्यावर गेले. बेटावर झोपड्या होत्या, चुली होत्या, माणूस एकही नव्हतं. सकाळी उठून बघतात तर जहाज नाही. तुफान नाही, तोफेचा आवाज नाही. समुद्र नुसता मोकळा.

कमलबाईंनी वही मिटली. “आते त्यासले कोन लई जाई?”

“अगं, पुस्तक छापलं गेलं म्हणजे माणूस परत आला असणार,” नाना हसले. “त्याशिवाय लिहिलं कुणी?”

“हं,” कमलबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नसावं.

३

डोळे गेल्यापासून नाना घर कानांनी बघायचे. माठाच्या झाकणीचा आवाज, उंबऱ्यावर घासणारी चप्पल, सरपणाचं तडकणं. दुपारच्या वाचनालाही त्यांच्या लेखी एक ठरलेला आवाज होता: जाड कागदावरून सरकणाऱ्या नखाचा, आणि तीन-चार दिवसांनी एकदा पान उलटल्याचा. ते पान खूप जुनं असल्यामुळे उलटताना खळ केलेल्या धोतरासारखं वाजायचं.

गणपतीच्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं की बऱ्याच दिवसांत पान उलटलेलं नाही.

त्यांनी मनाशी कारणं लावली. पावसानं कागद सर्दावला असेल. वर पंखा फिरतोय, त्याच्या घरघरीत ऐकू आलं नसेल. कमलनं ओल्या बोटानं हलकेच उलटलं असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंखा बंद करायला लावला आणि कान देऊन बसले. कमलबाई अक्षरं सांगत होत्या. स्वर नेहमीचा, एकसुरी, शाळकरी. पण नखाचा आवाज नव्हता. आणि प्रत्येक अक्षराआधी त्या किंचित थांबत होत्या. पाढे म्हणणारं मूल मागून कुणी सांगेल म्हणून थांबतं, तेवढ्याच.

“अक्षर लागत नाही का गं?”

“लागस ना.”

“मग थांबतेस का?”

कमलबाईंनी पुढचं अक्षर सांगितलं. “ए.”

नाना जुळवत गेले. ए. म्हणजे एक. मग डब्ल्यू, ओ, एम, ए, एन. एक बाई. बेटावर बाई कुठली आली? त्यांना हुरूप आला. पुढची अक्षरं यायला लागली, आणि शब्द शब्दाला लागून वाक्य झालं, तेव्हा नानांनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा जुळवून पाहिलं.

वाक्य असं होतं: एक बाई रोज दुपारी माझी अक्षरं एकेक करून उच्चारते, तिला त्यांचा अर्थ कळत नाही.

“काय म्हनस तो?” पेन सरसावून कमलबाईंनी विचारलं.

“काही नाही,” नाना म्हणाले. “हवामानाची नोंद आहे. लिही: आज आकाश निरभ्र होतं.”

४

खोटं का बोललो, याचं उत्तर त्यांनी स्वतःला बरेच दिवस दिलं नाही. ती घाबरेल म्हणून, हे पहिलं कारण, आणि ते खरंही होतं. बेटावर माणूस उन्हानं, तहानेनं भ्रमिष्ट होतो, त्याला भास होतात. सर्जनला कुणा बाईचा भास झाला असेल. बाई अक्षरं उच्चारते हा योगायोग. जगात योगायोग थोडे असतात का? नाना स्वतःशी असा वाद घालायचे आणि रोज जिंकायचे.

पण दोनला तोंडातून निघायचं तेच. “हं. पुढे?”

पुढे एकेक खलाशी कमी होत गेला. कसा, ते सर्जन लिहीत नव्हता. आज आम्ही पाच. आज आम्ही तीन. शेवटी ‘आम्ही’ हा शब्दच यायचा बंद झाला. मग पुन्हा ती बाई. तिच्या आवाजाच्या आधारानं दिवस जातो. ती थांबली की अंधारतं. तिला म्हटलं आहे, जरा जवळ ये.

नाना दर वेळी सांगायचे, वारा, ढग, माशांची नावं. कमलबाई निमूट लिहायच्या. वहीत एका मागून एक निरभ्र आकाशं जमत गेली, आणि खरी वाक्यं नाना मनात पाठ करून ठेवू लागले.

हिवाळ्यात कमलबाईंच्या हातचं जेवण बिघडलं. वरणात मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. शेजारच्या बेबाबाई पाण्याला आल्या तर त्यांना विचारलं, “कोन शे?” रोजची ओळख असलेल्या बेबाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. नानांना मात्र वेगळंच काही जाणवत होतं. धाब्याच्या खोलीत आवाज कोंदट येतो. भिंती जाड, छत बुटकं. दुपारी अक्षरं सांगताना कमलबाईंचा आवाज तसा येईनासा झाला. मोकळ्या माळावरून कुणी बोलावं तसा तो पसरट, भिंतीला न लागणारा येऊ लागला. हात पुढे केला की मात्र त्या तिथंच, दीड हातावर असायच्या. मनगट गार लागायचं.

फेब्रुवारीत एकदा त्या आपणहून म्हणाल्या, “आज नको. माले बरं वाटत नही.”

“अर्धा तास फक्त,” नाना म्हणाले. “शेवट जवळ आला असेल.”

कमलबाई जागेवर बसल्या. मग ते अक्षराआधीचं थांबणं, आणि मग अक्षर.

५

धनसिंग हा नानांचा जुना विद्यार्थी, आता जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. एप्रिलात पारोळ्यात एका लग्नाला आला, तसा भर दुपारी मास्तरांना भेटायला आला. दार उघडंच होतं. नानांना त्याची पावलं उंबऱ्याशी आली तेवढी ऐकू आली. मग ती तिथंच थांबली. बराच वेळ.

“कोण आहे?”

“मी धनसिंग, सर.”

कमलबाई चहा टाकायला आत गेल्या. धनसिंगनं पुस्तक उचललं, पानं चाळली. नानांना ते कडक, खळीच्या कापडासारखे आवाज ऐकू आले. आणि मग एकदम काहीच नाही.

“सर, तुम्ही कुठवर आलात?”

“दोनशेच्या आसपास असेल. का?”

“शहाण्णवाव्या पानापुढे पुस्तक नाही. कडा तेवढ्या शाबूत आहेत, मधलं सगळं वाळवीनं खाल्लंय. हात द्या.”

नानांची बोटं पुस्तकात गेली. पानांच्या चौकटीच्या आत पोकळी होती, डबीसारखी. तळाशी माती लागली.

“शहाण्णवावर काय आहे?” त्यांनी विचारलं.

धनसिंगनं वाचून दाखवलं. उद्या पिंपं भरायला सहाजणांसह किनाऱ्यावर जाणार आहे. मग त्यानं पुस्तकाच्या सुरुवातीला जाऊन प्रस्तावना काढली, ती स्वतःशी वाचली आणि हळूच सांगितली. सर्जनच्या धाकट्या भावानं हे पुस्तक छापलं होतं. सर्जन पाण्यासाठी एका बेटावर उतरला तो परत आलाच नाही. जहाजावर राहिलेल्या त्याच्या कागदांत जेवढं होतं तेवढं छापलं आहे. त्यापुढे नकाशे आणि भरतीची कोष्टकं.

म्हणजे बेटावरचं एकही अक्षर कुठं छापलं गेलं नव्हतं. वाळवीनं खाल्ली होती ती नुसती कोष्टकं.

“मग आठ महिने ती काय वाचतेय?” नाना म्हणाले.

आत कपबश्या वाजत होत्या. धनसिंग वाकला आणि त्यांच्या कानाशी बोलला. “सर, मी दारातून पाहिलं. पुस्तक अक्कांच्या मांडीवर मिटलेलंच होतं. अक्का वाचत नव्हत्या. त्या कोपऱ्याकडे मान कलती करून ऐकत होत्या. कुणी कानात सांगतं ना, तसं. ऐकायच्या आणि मग बोलायच्या.”

“कोपऱ्यात काय आहे?”

“काही नाही.” धनसिंग आणखी हळू म्हणाला, “फक्त अक्कांनी तिकडच्या बाजूला पदर सारून घेतला होता. दाटीत शेजाऱ्याला जागा करून देतो तसा.”

चहा न घेताच तो गेला. जाताना नानांनी पुस्तक त्याच्याजवळ दिलं. “घेऊन जा. परत आणू नकोस.”

६

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर नानांनी विचारलं, “रूपचंदची माय, पानं संपलीत हे तुला माहीत होतं?”

“पानं तं कवयच सरनात,” कमलबाई साधेपणानं म्हणाल्या. केव्हाच संपली. “तो सांगस ना.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्हीच तं म्हनतस, पुढे.”

नाना त्यांचा हात धरून बसून राहिले. त्यांना सगळं सांगावंसं वाटलं: वहीतली निरभ्र आकाशं खोटी आहेत, तो तुला बोलावतोय, जाऊ नकोस. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या दुपारी आपण दोघं रूपचंदकडे जाऊ, हे घर बंद करू.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. पुस्तक घरात नव्हतं. कमलबाई आल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या. थांबल्या. आणि म्हणाल्या, “एस.”

नानांनी उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. ओरडायला हवं होतं, बेबाबाईंना हाक मारायला हवी होती. हे सगळं त्यांना त्या क्षणीही ठाऊक होतं. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांनी पाहिलेले समुद्र खडूनं काढलेला माणूस तो. सर्जनच्या सख्ख्या भावाला जे कळलं नाही, जगातल्या एकाही ग्रंथालयात जे नाही, ते या खोलीत एकेक अक्षर करून उतरत होतं. आणि ते जुळवणारं डोकं एकच होतं.

एस, एच, ई. ती.

पुढची अक्षरं आली. ती अगदी जवळ आली आहे. तिचा हात माझ्या हाताशी आहे.

मग शांतता. उन्हात पत्रा तडकावा तसा बाहेर कुठंतरी एक आवाज झाला. कमलबाई श्वास घेत होत्या, भरभर, घाट चढून आल्यासारख्या.

आणि नाना म्हणाले, “पुढे?”

आणखी तीनच शब्द आले. ‘आता मी निजतो.’ त्या शब्दांच्या आधी थांबणं नव्हतं. सांगणारं आता कुणी मधे राहिलंच नव्हतं.

७

पोस्टातून फोन झाला, रूपचंद आला आणि दोघांना जळगावला घेऊन गेला. धुळ्याचे डॉक्टर झाले, जळगावचे झाले. मेंदूला सूज म्हणाले, वय म्हणाले, मनाला काही लागलंय का म्हणाले. कमलबाई भरवलं तर खायच्या, उठवलं तर उठायच्या. बोलणं गेलं ते गेलं. सुनेनं, यशोदेनं, कसली कसर केली नाही. आईच्या मायेनं न्हाऊमाखू घातलं.

धनसिंगनं निरोप पाठवला की शहाण्णव पानांचं भाषांतर छापायला एक जण तयार आहे. नानांनी सगळ्या वह्या यशोदेकरवी बंबात घातल्या. पाठ केलेली वाक्यं तेवढी जळेनात.

रूपचंदचं घर मेहरूणला, नव्या वसाहतीत. मे महिना होता. उन्हाच्या झळांमुळे यशोदा दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि वर पडदे ओढायची. वीज गेली की खोली भट्टीसारखी तापायची. हवेनं पानसुद्धा हलायचं नाही.

अशा एका दुपारी नाना भिंत धरत कमलबाईंच्या खाटेपाशी गेले आणि खाली जमिनीवर बसले. उशीर होऊन गेलाच होता, तरी त्यांनी सांगितलं. पहिल्या वाक्यापासून. एक बाई रोज दुपारी माझी अक्षरं उच्चारते, इथपासून ते तिचा हात माझ्या हाताशी आहे, इथपर्यंत. कुठं कुठं आकाश निरभ्र होतं म्हणून सांगितलं आणि तिथं खरं काय होतं, ते सगळं. “मला कळत होतं, कमल,” ते म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारलेली नव्हती. “पहिल्या दिवसापासून कळत होतं. तुला पाठवलं ते मीच.”

उत्तराची आशा त्यांना नव्हती. ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

“जोरमा बोला ना,” कमलबाई म्हणाल्या.

आवाज त्यांचाच. पारोळ्याचा, रोजचा, थोडा वैतागलेला. फक्त फार लांबून आलेला.

“काय?” नाना म्हणाले. “कमल? काय म्हणालीस?”

“आयकू येत नही. जोरमा बोला. अठे वारा भलता शे.”

नानांनी खाटेकडे हात टाकला. हाताला त्यांचा चेहरा लागला, आणि कपाळावरचे केस लागले. ते उडत होते. नानांच्या बोटांवर फडफडत होते. मग पडले.

नाना ओरडायला लागले. नाव घेऊन, जेवढा घसा होता तेवढ्यानं ओरडत राहिले. यशोदा धावत आली, शेजारचे आले. सगळ्यांनी मिळून त्यांना खोलीबाहेर नेलं, तरी ते ओरडतच होते.

कमलबाई त्यानंतर तीन वर्षं जगल्या. नाना रोज दुपारी त्यांच्या खाटेशी बसून हाका मारायचे; वसाहतीतल्या लोकांना पुढे पुढे त्याची सवय झाली. कमलबाईंनी पुन्हा ओ दिली नाही.